घोरपड्याचा पाय

घोरपड्या नऊ महिने भिंतीला लटकून होता.

घोरपड्या म्हणजे आमच्या खेळातला दादाचा चोर. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर बोटाएवढे पुतळे उभे करायचे, फासे टाकायचे आणि मास्तर सांगेल ते मुकाट्याने भोगायचं, असा तो खेळ. मास्तर म्हणजे दादाचा मित्र. शाळेत त्याने कुणाला शिकवलेलं नाही, खेळ चालवतो म्हणून मास्तर. मी जादूगारीण, त्याची बायको वैदू. दर रविवारी दुपारी, आमच्याच घरी. आई म्हणायची, "एवढे घोडे झालात आणि बाहुल्या कसल्या खेळता!"

त्या रविवारी घोरपड्या किल्ल्याची भिंत अर्धी चढला, तेवढ्यात सहा वाजले. पुढच्या वेळी बघू म्हणून उठलो. त्याच आठवड्यात दादा कामाला होता त्या गोदामातली मालाची लिफ्ट त्याच्या पायावर आली.

मला काही वाटलं नाही. लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघतात, म्हणून सांगत नाही. दात काढताना खटखट ऐकू येते, पण गाल आपला नसतो ना, तसं. कामं मात्र सगळी केली. अकरा फॉर्म भरले. प्रत्येकावर मीच लिहिलं : डावा पाय, गुडघ्याखाली. पट्टी आई बदलायची. मी सकाळ-संध्याकाळ चहा न्यायचे. दादाच्या खोलीचं दार त्याच्या पाठीशी येतं आणि समोर कपाटाचा आरसा. दाराशी स्टुलावर कप ठेवायचा, आरशात एकदा बघायचं, तो बसलाय ना, आणि निघायचं. कामावर उशीर व्हायचा.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. काचा घासते, काड्या बसवते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, हे बरं.

नवा पाय येऊन दोन महिने झाले होते. खोक्यातून बाहेर आलाच नाही. पाय बनवणारे काका दोनदा फोनवर म्हणाले, "ताई, तो घालत राहिला नाही तर उरलेल्या पायाचा आकार बदलेल, मग हा बसायचा नाही. सगळं पहिल्यापासून." मी हे दादाला दाराशी उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आमच्या घरात तेव्हा 'बरं' हा एकच शब्द उरला होता.

मग मास्तरचा फोन आला. "येत्या रविवारी खेळ संपवतो. किती दिवस किल्ल्याखाली उभे राहणार? दादा आला तर ठीक, नाही तर घोरपड्या पडला असं धरू."

"पडला म्हणजे?"

"म्हणजे मेला गं. काय करू मग?"

मला राग आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तेही मास्तरवर. पण त्याचं चुकलं नव्हतं. दादा त्या खोलीतून टेबलाशी कधीच येणार नसेल, तर लटकवून ठेवण्यात काय अर्थ?

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "घोरपड्याचा पाय काप. मग येतो."

मास्तर इतका खूश झाला की त्याने तीन पानांचे नियमच लिहून पाठवले. चांदीचा मंतरलेला पाय. दुप्पट उडी, आगीत जळत नाही, कधी दुखत नाही, कधी काढावा लागत नाही. दादाने वाचलं आणि पानं परत दिली. "काढावा लागत नाही? मग तो पाय कसला, बक्षीस झालं! रात्री काढायचा. घालायला चार डाव लागतील. तोवर पहारेकरी आले तर आले." घालून न बघता त्याला हे कुठून ठाऊक, ते मी विचारलं नाही.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानातच कापला. पुतळा माझ्याकडे तोंड करून पकडीत धरला. दादा कसा दिसतो ते डोळ्यांसमोर आणलं आणि त्याच बाजूला पातं लावलं. गुडघ्याखाली भोक पाडून चष्म्याच्या काडीचा तुकडा बसवला, टोकाला बारीक स्क्रू. झकास झाला होता. स्वतःचं काम आहे म्हणून सांगत नाही.

रविवारी मास्तर आणि त्याची बायको आले, नकाशा पसरला. दादा कुबड्यांवर आला. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली, म्हणजे रडत असणार. दादा बसला. मी पुतळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो पुढून पाहिला, मागून पाहिला, मग नुसता धरून बसला.

"ठमे," तो म्हणाला, "हा उजवा आहे."

मी वाकून बघितलं. उजवाच होता. मास्तर म्हणाला, "अरे, चालतंय की! किंवा मी दुसरा आणतो, उद्याच—"

"तू गप रे." दादा माझ्याकडे बघत होता. "डावा हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. अकरा वेळा लिहिलंय."

"मग?"

मला खरंच कळेना. मी पुतळा हातात घेतला, माझ्याकडे तोंड करून धरला. बरोबर तर होता. असाच तर दिसायचा तो, रोज, कपाटाच्या—

मी पुतळा खाली ठेवला.

"आरशात," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. "मलाही तू आरशातच दिसायचीस. कप ठेवायचीस, बघायचीस, जायचीस. मला वाटायचं, आज तरी ही पुढे येईल."

मास्तरची बायको फासे चाळवत बसली. मास्तर नियमांची पानं उगाच नीट लावत होता.

"खोकं आण," दादा म्हणाला.

आणलं. त्याने खुर्ची वळवली, पँट वर दुमडली. "आता इथे बस. समोर."

मी जमिनीवर बसले आणि बघितलं. डावा. गुडघ्याखाली वीतभर, मग संपतो. कातडी गुळगुळीत, एका बाजूला शिवणीची जांभळी रेघ. एवढंच होतं. एवढ्यासाठी नऊ महिने मी दाराशी उभी होते.

नव्या पायाआधी सिलिकॉनचा मोजा उलटा करून चढवायचा होता. त्याला एकट्याला जमेना, मी कड धरली. सिलिकॉन गार लागत होतं आणि मला ते कळत होतं.

"त्याचा असू दे उजवाच," दादा म्हणाला. "त्याचा उजवा, माझा डावा. दोघांत मिळून एक जोड बूट पुरेल."

कुणीतरी हसायला हवं होतं. मास्तरने घसा खाकरला आणि खेळ सुरू केला. "घोरपड्या उरलेली भिंत चढून आत उतरतो. पाय पाठीला बांधलेला आहे. वरून पहारेकऱ्यांची चाहूल लागते. काय करतोस?"

"पाय घालतो," दादा म्हणाला. मोज्यात हवा राहिली होती. आम्ही तो काढला आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतला.

"किती वेळ लागेल?" मास्तरने विचारलं.

"लागेल तेवढा," मी म्हणाले. "थांबव तुझे पहारेकरी."

मास्तरने फासे खाली ठेवले.