जाड बुडाचं पातेलं

एर्मिन्दाबाईनं पातेलं शेगडीवर ठेवलं नि बोटानं दाबून पाहिलं. डुगडुगलं. फिरवून ठेवलं. तरी डुगडुगलं.

चाळीस वर्षं तिनं अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत भात रांधला होता. खाली जाळ कितीही भडको, कढईनं कधी कुरकुर केली नाही. भात खालून खरपूस लागला, की कढईचं बूड गार पाण्यात टेकवायचं. चर्र झालं, की खरवड अख्खी सुटून येते. ती खरवड नसेल तर तिच्या बानी गावात त्याला कुणी भात म्हणत नाही.

आज सुनेच्या स्टीलच्या पातेल्यालाही तिनं तेच केलं. चर्र झालं, आणि मागोमाग टण्‌कन आवाज आला. बूड फुगलं. आतून निळे-जांभळे डाग पडले ते वेगळेच. घाबरून तारेची घासणी घेतली नि तासभर घासलं. डाग तसेच राहिले, वर ओरखडे आले.

गुडघा मोडल्यापासून, म्हणजे दीड महिना, ती थोरल्या मुलाकडे, राधामेसकडे होती. "बघू, जमतंय का," असं तो बायकोला, बेल्किसला म्हणाला होता. ते तिनं ऐकलं होतं. नाही जमलं, तर धाकटा मुलगा होताच, सान्तियागो शहरात, चौथ्या मजल्यावर.

बेल्किस चर्चमधून आली ती थेट स्वयंपाकघरात.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. तुझं पातेलं नाचायला शिकलंय."

बेल्किसनं पातेलं दाबलं. पुन्हा दाबलं. मग थोडं व्हिनेगर ओतून मऊ फडक्यानं आतून पुसलं. डाग निघून गेले.

"हे असे जातात. तापल्या भांड्याला गार पाणी लावायचं नसतं, आई. आणि तारेची घासणी तर नाहीच नाही."

"हे आत्ता सांगतेस होय?"

"तुम्ही मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलंत, तर सांगेन ना!"

राधामेस दारातून डोकावला. "खरवड आहे का?"

"तू गप रे, मेल्या," दोघी एकदमच म्हणाल्या. पण बूड काही सपाट झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्किस म्हणाली, "चपला घाला, आई. पातेलं आणायला जायचंय."

एर्मिन्दाबाईला कळायचं ते कळलं. म्हाताऱ्या माणसाला धाकट्याकडे धाडायचं, तर रिकाम्या हातानं धाडत नाहीत. तिनं केस विंचरले नि चांगला झगा घातला.

दुकानात बेल्किस म्हणाली, "तुम्हीच निवडा."

तिनं सगळ्यांत लहान, एका दांड्याचं पातेलं उचललं. "हे पुरे. एकट्या बाईला लागतं किती?"

बेल्किसनं ते हातातून घेऊन फळीवर परत ठेवलं.

"एकटी कोण? रविवारी आठ माणसं जेवतात आपल्याकडे. आणि माझा भात लगदा होतो, असं तुम्हीच शेजारणीला सांगितलंत."

"कोण म्हणतं?"

"शेजारीणच."

एर्मिन्दाबाईनं पर्सचा पट्टा खांद्यावर सरकवला. पुन्हा सरकवला. दुकानदारानं तेवढ्यात एक मोठं पातेलं पुढं केलं.

"हे घ्या, मावशी. आरशासारखं आहे."

"मला काय तोंड बघायचंय त्यात?" तिनं ते उपडं केलं, बुडावर टकटक केलं नि कान लावला. "बूड आहे का पापुद्रा? आणि दांडा नुसता चिकटवलाय. ते वरचं काढ, दोन कानांचं. ते नाही रे, त्याच्या मागचं."

त्याच्या मागच्याचाही आवाज बसका निघाला. दुकानदार चौथ्यांदा शिडी चढला. बेल्किसनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं नि पाय पसरून बसली.