दहावा क्षेत्ररक्षक

मित्रांनो, मी बेसबॉलच्या सामन्यांची एक जुनी नोंदवही आहे. माझे पुठ्ठे सुटू लागले आहेत आणि पानांवर उकडलेल्या शेंगांच्या खारट पाण्याचे डाग आहेत. माझ्या शंभर पानांपैकी नव्याण्णव मला नीट समजतात. शेवटचे मात्र समजत नाही.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावात एमेट पर्सेल नावाचे सुतार माझे मालक होते. गावाचा संघ घरच्या मैदानावर खेळायचा, तेव्हा तिसऱ्या बेसमागच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीवर ते मला मांडीवर घेऊन बसत. मैदानावरच्या नऊ जणांना एक ते नऊ आकडे असतात. ज्याने झेल घेतला, त्याचा आकडा चौकटीत लिहायचा. एमेट कधी काही खोडत नसत. पानाच्या तळाशी ते ‘सोबत’ असे लिहून शेजारी बसलेल्यांची नावे टाकत. बहुतेक पानांवर त्यांचे मित्र हॉइट आहेत. अकराव्या पानापासून एमेटची लहानगी मुलगी कोरिनही आहे, मोठ्या वाकड्या अक्षरांत, कारण ते नाव तिने स्वतः लिहिले होते.

एकदा धावांवरून वाद झाला, तेव्हा मैदानाच्या निवेदकाने माणूस पाठवून माझ्यात पाहून घेतले. तो माझ्या मानाचा दिवस.

मग तो संघ गाव सोडून गेला. “शेवटचं पान खऱ्या सामन्यासाठी,” असे म्हणून एमेटनी मला स्वयंपाकघराच्या खणात ठेवले. सात वर्षे मी जुन्या बॅटऱ्यांखाली पडून होते. यंदा फेब्रुवारीत एमेट गेले. एप्रिलमध्ये कोरिनने तो खण उघडला.

त्याच मैदानावर आता नाचणारा एक संघ आला होता. कोरिन मला घेऊन वडिलांच्या खुर्चीवर बसली. शेजारी हॉइट, हाताची घडी घालून.

मी गोंधळून गेले. चेंडू फेकणारा उंच काठ्यांवर उभा होता. पंच कमरेत वाकून गिरकी घेत होते. मध्येच सगळे क्षेत्ररक्षक एका रांगेत नाचले. हे कोणत्या चौकटीत बसते?

“काय लिहितेस? ठुमके?” हॉइटनी विचारले.

“अजून काहीच नाही, मिस्टर हॉइट. एकच पान आहे. बिघडलं तर डॅडींचं दुसरं कुठून आणू?”

“मग मिटून ठेव. ही सर्कस आहे पोरी, बेसबॉल नाही.”

“मग टाळ्या कोण वाजवत होतं मघाशी?”

“डास मारत होतो.”

कोरिन हसली, पण पेन्सिल तशीच हातात राहिली. तीन डाव झाले, चौकटी कोऱ्याच. तेवढ्यात एक चेंडू बॅटची कड घेऊन उंच उडाला आणि आमच्याकडे येऊ लागला. हॉइट उठले. गुडघ्यांची तक्रार विसरून त्यांनी टोपी पुढे केली, आणि चेंडू टोपीत पडला.

सारे मैदान ओरडले. पंचांनी मूठ उंचावली. या नाचणाऱ्या संघाच्या खेळात प्रेक्षकाने झेल घेतला तरी फलंदाज बाद होतो!

हॉइट टोपीत बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “बघतेस काय? बाद झालाय तो! लिही!”

“कोणता आकडा लिहू? नऊच तर असतात.”

हॉइट खाली बसले.

“दहा,” ते हळूच म्हणाले.

“डॅडींना चाललं असतं?”

“माझ्यावर खेकसला असता. आणि मग लिहिलं असतं. झालं ते लिहायचं, हीच त्याची रीत.”

कोरिनने दहा लिहिले. मग आधीचे तीन डावही दोघांनी भांडत भांडत, आठवून भरले. शेवटी तळाशी तिने ‘सोबत’ लिहिले, पुढे ‘हॉइट’, आणि थोडे थांबून ‘डॅडी’. अक्षर पुन्हा वाकडे आले. तिने ते खोडले नाही.

मित्रांनो, तो बेसबॉल होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. हॉइट म्हणतात, नव्हता. पण ते पान उघडून दाखवा, असा आग्रह ते सर्वांना करतात. तुमच्या घरीही कुणी मागे ठेवलेली एखादी वही असेल. तिला वाळवीपासून जपा. पण उरलेले पान नुसते कोरे ठेवून जपू नका. त्यावर लिहा.