तलवारीची मूठ आणि माझा चाप

१४ डिसेंबर १९०८, सोमवार, सकाळचे साडेसात. देवासच्या चांदमारीच्या मैदानावर माझ्यातून सहा गोळ्या सुटल्या. पंधरा पावलांवरच्या चांदावर, म्हणजे गोल निशाणावर, लागली एक.

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्वर आहे. विलायतेच्या कारखान्यात घडले, आगबोटीने आले आणि संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, नऊ वर्षे लौकिकाने नांदले. मग मला खासगी पहाऱ्याच्या खंडोजींच्या कमरेला बांधण्यात आले. त्या सकाळनंतर त्यांना हुकूम मिळाला : पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा. सहापैकी निदान चार गोळ्या लागल्या नाहीत, तर बदली हाटपिपल्याच्या पुढच्या जंगलातील नाक्यावर. तिथे शाळा नव्हती, आणि त्यांची मुलगी मालन नुकतीच दुसरीत गेली होती.

"पिस्तूलच वाकडं आहे," खंडोजी म्हणाले. ते मला फार लागले.

सिलेखान्याचे वृद्ध दत्ताजी हसले. माळव्याच्या रीतीने ते सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत. "पिस्तूल वाकडं, का धरणारा? बघू या, भिया."

त्यांनी पाठ फिरवून माझ्या फिरत्या चक्रीच्या सहा घरांत तीन भरलेली आणि तीन उडवलेली काडतुसे मिसळून भरली. पहिला बार झाला. दुसऱ्या वेळी घोडा नुसताच 'खट्' वाजला. धक्का नाही, आवाज नाही. तरीही माझे तोंड खाली डावीकडे झुकले.

"आता कुणी वाकडं केलं त्याला?" दत्ताजींनी विचारले.

खंडोजी आपल्या हाताकडे पाहत राहिले. त्यांच्या घराण्यात लहानपणीच शिकवीत, 'मूठ सुटली की मान गेली.' त्यामुळे चाप ओढताना ते तलवारीसारखी सारी मूठ आवळीत.

"अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात त्याला वर, घट्ट बसव," दत्ताजी म्हणाले. "बाकीच्या तीन बोटांचा जोर आधी जेवढा, तेवढाच नंतर. हलायचं फक्त तर्जनीच्या पेरानं, सरळ मागे, सावकाश. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, त्या बारक्या उंचवट्यावर."

रोज संध्याकाळी माझी सहाही घरे बोट घालून तपासल्यावरच दत्ताजी मला घरी नेऊ देत. तिथे त्यांच्या पत्नी सगुणाबाई माझ्या सपाट पाठीवर सारीपाटातली कवडी ठेवीत आणि खंडोजी भिंतीवर नेम धरून चाप ओढीत. पहिल्या दिवशी वीस वेळा ओढला. कवडी अठरा वेळा पडली.

"अहो, माझ्या कवड्या फुटतील! तीन पिढ्यांची तलवार सोडा की आता."

"पूर्वज रागावतील."

"रागावू द्या. ते काही मालनला शाळेत पोचवायला येणार नाहीत."

बाराव्या दिवशी वीस वेळा चाप ओढला गेला आणि कवडी जागची हलली नाही. मला इतके निवांत कुणी कधीच धरले नव्हते.

मित्रांनो, हत्याराला दोष देण्यापूर्वी आपला हात तपासा, आणि काम झाल्यावर हत्यार पुसून ठेवण्यास विसरू नका. २९ डिसेंबरला सहावी गोळी सुटल्यावर खंडोजी चांदाकडे गेले नाहीत. मैदानावरच मांडी घालून, मला रिकामे करून, तेलाच्या फडक्याने माझी नळी पुसत बसले. चांद तपासायला दत्ताजी गेले होते. ते दुरूनच ओरडले,

"भिया, मालनची पाटी बांधू नकोस गाठोड्यात!"

सहापैकी पाच.