मोजलं नाही, काका

मंजिरीने नकाशात डोकं घातलं तेवढ्यात गुरुप्रसादने विटांवर ठेवलेला तिचा मोजायचा टेप उचलला आणि अलगद खिशात टाकला.

पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या पद्मा मॅडमनी ते पाहिलं आणि मान फिरवली. तसं ठरलंच होतं. ती आणि गुरुप्रसाद दोघं नया बाजारात एकाच गल्लीत वाढलेली. तो आता शहरातला मुरलेला ठेकेदार, ती कॉलेजात सिव्हिलची प्राध्यापक. आठवड्यापूर्वी तिने फोन केला होता.

"चार वर्षं पोरं पेपर सोडवतात रे. पण साइटवर ठेकेदार कसा बोलतो, ते कुठल्याच पेपरात येत नाही. ते तू शिकव."

"म्हणजे फसवू त्यांना?"

"तुला दुसरं काय येतं?"

तो पोट धरून हसला होता आणि लगेच हो म्हणाला होता.

कॉलेजच्या मागच्या मैदानात खोलीएवढ्या स्लॅबच्या फळ्या ठोकल्या होत्या. वर सळ्यांची जाळी, पुढे तीन हातांचा छज्जा. छज्ज्याचं लोखंड वरच्या अंगाला असलं तरच छज्जा तग धरतो. खाली दबलं की ते असून नसल्यासारखं. सकाळी गुरुप्रसाद स्वतः बूट घालून त्या सळ्यांवर नाचला होता, त्या पार तळाशी नेऊन वर ओली पोती पसरली होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एकेकट्याने यायचं, तपासायचं आणि ढलाईच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या, परवानगीवर सही करायची किंवा नाकारायची. आज आलेला माणूस ठेकेदार आहे, साइटवर असल्यासारखं वागा, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

सहा जणांचं तपासून झालं, ते मागे जाऊन बसले. सहाही सह्या झाल्या. "मिक्सर खड़ा है बेटा, माल जम जाएगा," एवढ्यावर गरिमाने पेन काढलं. दिग्विजयसिंहाच्या खांद्यावर हात टाकून नुसतं 'इंजिनियर साहब' म्हटलं, तर तो विरघळलाच. पोती कुणीच उचलली नाहीत. प्रत्येक सहीला गुरुप्रसाद मनातल्या मनात टाळी वाजवत होता.

मधेच फोन वाजला. थाटीपुरातल्या त्याच्या साइटवरून त्याचा इंजिनियर अंशुल बोलत होता.

"सर, काँक्रीटची गाडी दोनला येतेय. तिसऱ्या मजल्याच्या कागदावर सही करून टाकली मी."

"शाब्बास."

अंशुल याच कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला. तीन वर्षांत तो एकाही कागदाला नाही म्हणाला नव्हता. म्हणून तर गुरुप्रसादचा लाडका.

"अंकल, मेरा टेप यहीं रखा था," सातवी आलेली मंजिरी म्हणाली.

"बंदर ले गया होगा. किले से उतरते हैं ना."

ती हसली नाही. आता गुरुप्रसादने हुकमाचं पान काढलं. उत्तरेतल्या या गावात दिवसभर हिंदी ऐकून कान किटलेले असतात. त्यात कुणी मराठीत जिव्हाळ्याने बोललं की माणूस दार न वाजवता थेट माजघरात शिरतो.

"तू खासगी बाजारातली ना गं? कृष्णरावांची नात? अगं, त्यांच्या मांडीवर बसून आरत्या पाठ केल्यात मी!"

हे साफ खोटं होतं. आजोबांचं नाव त्याने मघाशीच पद्माकडून काढून घेतलं होतं.

"हो? मग घरी या ना काका," मंजिरी म्हणाली. तिचा चेहरा खरंच उजळला होता. म्हणता म्हणता ती खाली बसली आणि तिने पोतं उचललं.

"अगं, पोतं नको काढू. सळ्या तापतात उन्हाने."

तिने हातातलं पेन सळईलगत उभं धरलं, सळईच्या उंचीला नख लावलं, मग पेन वहीच्या रेघांवर ठेवून रेघा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"काका, हे लोखंड खाली गेलंय."

"मजुरांचे पाय पडतात गं. ओतताना घेतील उचलून."

"मग उचलल्यावर करते सही."

"आणि बाकीचं बरोबर आहे, हे तरी मानतेस की नाही?"

"तिकडचं मोजलं नाही, काका. टेप नाहीये."

मागे बसलेल्यांतून दिग्विजयसिंह ओरडला, "कर दे यार! प्रॅक्टिकल ही तो है!" सगळे हसले. गुरुप्रसाद पुढे झुकला. त्याने आवाज उतरवला. यानंतरचं पद्माशी ठरलेलं नव्हतं.

"हे बघ पोरी, हे काही सोंग नाही. थाटीपुरात माझी इमारत चाललीये, खरीखुरी. जूनपासून इंजिनियरची एक जागा आहे. सही कर, जागा तुझी."

तिचं पेन हवेत थांबलं. बापाचं दुकान बंद पडून वर्ष झालं होतं. घरातले तिच्या नोकरीचीच वाट पाहत होते. तिने कागदाकडे पाहिलं, मग छज्ज्याकडे.

"नोकरी हवीये मला," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हा पडेल."

"पडू दे की! खोटाच तर आहे. यावर कोण उभं राहणार आहे?"

"इथे नाही राहणार. पण तुमच्या थाटीपुरात राहील ना कुणीतरी?"

तिने पेनाला टोपण लावलं.

एरवी अशा वेळी गुरुप्रसाद हसून टाळी मागायचा. हात अर्धा वर आला आणि तसाच खाली गेला. त्याने घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. टाकीमागे जाऊन त्याने फोन लावला.

"अंशुल, तिसऱ्या मजल्याचा छज्जा. पोतं उचलून बघितलंस?"

"सर, उचलून बघायचं होतं?"

"गाडी आली तरी ओतू नकोस. मी येतोय."

"पण सर, माल जम जाएगा!"

त्याने फोन कापला आणि तसाच निघाला.

तो थाटीपुरात पोचला तेव्हा फाटकाशी मिक्सरचा ड्रम गरगरत होता. ड्रायव्हर काहीतरी बोलला, ते न ऐकता तो तीन मजले चढला. दम लागला होता. छज्ज्यावरची पोती तशीच होती, त्यांवर मजुरांच्या पावलांचे ठसे. त्याने एक कोपरा उचलला आणि गुडघ्यांवर बसला.

"टेप दे."

अंशुलने खिसे चाचपले. "खाली बॅगेत आहे सर. आणतो."

गुरुप्रसादचा हात आपसूक स्वतःच्या खिशात गेला. टेपच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर निळ्या शाईत मंजिरीचं नाव. त्याने टेपची पट्टी बाहेर ओढली, सळईलगत उभी धरली आणि आकडा पाहिला. सळई जवळजवळ फळीला टेकली होती.

"किती आलं सर?"

टेप हलू न देता गुरुप्रसाद बाजूला सरकला आणि त्याने जागा करून दिली.

"बैस इथे," तो म्हणाला. "तू वाच."