मीच सांगितलं तिला

फायलीवरचं रबरबँड मुलाखत घेणारे साहेब दोन बोटांत ताणत होते — आता तुटेल, आता तुटेल... संध्याची नजर तिथून हलेना. कान मात्र खिडकीबाहेर. नाशिकजवळच्या अंबडच्या या कारखान्याच्या फाटकाशी सासूबाई तान्ह्या वेदिकाला मांडीवर घेऊन बसलेल्या. काल हरसूलहून न बोलावताच आलेल्या. "लय भिऊ नको. मी हाय इथं." पोर रडत तर नसेल? दूध पुरेल ना...

"कोणी न सांगता, स्वतःच्या हिमतीवर केलेलं एखादं काम सांगा," साहेबांनी पुन्हा विचारलं. "स्टोअरच्या कामाला दर वेळी विचारत बसणारी माणसं चालत नाहीत."

कॉलेजच्या गॅदरिंगचं पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. पण रबर ताणलं गेलं आणि घरची पिठाची गिरणी दिसायला लागली — बाजाराचा दिवस, सासरे नाशिकला गेलेले, नागली घेऊन डोंगर उतरून आलेल्या बाया कुलूप पाहून माघारी वळलेल्या... आणि लग्नाला वर्षही न झालेली बी.कॉम. सून, त्यांना थांबवून, कुलूप उघडून, पदर खोचून, निसटलेला पट्टा चाकावर चढवते आहे. मोटर घुमली तशी त्या बायांतली नवसाबाई ओरडली होती, "आगं, शिकेल सून दळाय बसली! आता पीठ बी इंग्रजीत पडंल!"

संध्याकाळी सासरे गरजले, "गिरणीवर सुनेला कोणी बसवलं?" भाकरी थापता थापता, मानही वर न करता सासूबाई म्हणाल्या, "मीच सांगितलं तिला. काय बोलायचं ते मला बोला."

त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या तर दिवसभर शेतावर होत्या. पण त्यानंतर तीही तेच म्हणत आली — सासूबाईंनी सांगितलं म्हणून. त्या एका वाक्याच्या आडोशानं रोज गिरणीवर बसली, नाशिकला बिऱ्हाड केलं, आज या खुर्चीपर्यंत आली...

"सासूबाईंनी —" सवयीनं तोंडातून गेलंच.

"त्यांनी सांगितलं म्हणून केलं?" साहेबांनी रबर सोडलं.

"नाही. मी कोणालाच विचारलं नव्हतं."

त्या माउलीचं काही हिरावून घेतल्यासारखं वाटलं क्षणभर — आणि मग उलटंच. तिचंच काही त्यांनी आपल्या नावावर जपून ठेवलेलं, आज हातात परत आल्यासारखं.

"मग? पुढे?" साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती सांगू लागली. फाटकाकडून रडणं आलं, वेदिकाचंच... आणि लगेच थांबलं. तिथे सासूबाईंना कोणी काही सांगावं लागलं नव्हतं.