हात गरम शे

"सुपडूभाऊ, जरा इकडे या, माझ्याजवळ उभे राहा," धुळ्याचे प्राध्यापक म्हणाले, आणि मी शाळेच्या ओट्यावर फळ्याला पाठ लावून उभा राहिलो. समोर सगळं गाव. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला. बैलबाजारात बैल उभा करतात तसा मी उभा. फक्त माझे दात कुणी पाहिले नाहीत, एवढाच काय तो फरक.

निमित्त झालं व्हिडिओचं. जत्रेत शिरपूरच्या एकाने टीव्ही आणि व्हीसीआर आणून तंबू ठोकला आणि कुठल्याशा गोऱ्या लोकांचा सिनेमा लावला. त्यात मेलेली माणसं मातीतून उठतात आणि हात पुढे करून चालतात. त्यांची बोली कुणाला कळली नाही, पण दुसऱ्या दिवशी गावाला माझं खरं नाव सापडलं होतं. चालतं मढं. पोरं माझ्या पिठाच्या गिरणीसमोरून हात पुढे करून, मान वाकडी करून जायला लागली. एक पोरगी घाबरून तापाने फणफणली, तेव्हा हेडमास्तरांनी हे प्राध्यापक बोलावले. विषय ठरला, मेलेला माणूस उठून चालू शकतो का. नमुना म्हणून मी.

मी कबूल झालो ते पोरांसाठी नाही. पोरांचं काय, आज सिनेमा, उद्या विटीदांडू. मी कबूल झालो माझ्या लेकीसाठी, पुष्पासाठी. वैशाखात तिचं लग्न होतं आणि तिच्या आईच्या हातात बांगड्या नव्हत्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाचे दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत घरात माणसापेक्षा कापूसच जास्त राहतो, झोपायचं ते त्याच्याच ढिगावर. तिथेच मला मण्यार चावली. मण्यार चावल्याचं कळत नाही, मुंगी चावल्याइतकंही नाही. पहाटे पोटात कळ आली, मग पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग हातपाय. दिवस वर आला तेव्हा मी लोकांच्या लेखी मेलो होतो. भगताने नाकाशी मोराचं पीस धरलं, ते हललं नाही म्हणे. श्वास होता, पण पीस हलवण्याइतका नव्हता. लोकांनी तिरडी बांधली, माझ्या बायकोच्या, भागाबाईच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं आणि मला नदीवर नेलं. सरणावर ठेवण्याआधी तोंडात पाणी घातलं, तेव्हा माझ्या घशात घरघर झाली. निम्मे लोक पळाले. जे उरले त्यांनी ट्रॅक्टरवर घालून मला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे नर्सबाई आणि डॉक्टर आळीपाळीने रबरी फुगा दाबून माझ्या छातीत वारा भरत राहिले. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

बरा होऊन घरी आलो तर दारात वच्छलाकाकू आडवी. ही आमच्या चुलत्याची विधवा, भागाबाईच्या बांगड्या हिनेच फोडल्या होत्या. म्हणाली, "पुढला दारथीन गया तो परत पुढला दारथीन येस नही." मी मागच्या दाराने घरात शिरलो. तेव्हापासून मी मागच्याच दाराचा झालो. दुसरी गिरणी नदीपलीकडे, म्हणून बायका दळण माझ्याकडेच टाकायच्या. पण पिठाची पहिली मूठ उकिरड्यावर उडवून मग डबा डोक्यावर घ्यायच्या. मी बघायचो आणि पुढचं दळण ओतायचो.

बांगड्यांचं काय, म्हणून मी गावातल्या वडीलधाऱ्या चुडामण आबांकडे गेलो होतो. आबांनी तंबाखू मळत फार विचार केला आणि तोडगा काढला. "सुपडू, तुनी बायको आते रांडाव शे. तू तिन्हासंगे पाट लाव."

म्हणजे मी माझ्याच बायकोचा दुसरा नवरा व्हायचं आणि माझ्याच पोरीचा सावत्र बाप. शिवाय पाटाच्या बाईला हळदीच्या कार्यात मान नाही, तिने लांब उभं राहायचं. मी हे घरी सांगितलं तेव्हा भागाबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मना नवरा मरेलच नशे, तर पाट कोनासंगे लावू?" पण नुसत्या बांगड्या भर म्हटलं, तर तेही नाही. बिनबांगड्यांच्या हातांनी चार वर्षं तिने माझ्या घरात काढली. लोक म्हणत, मोठी मानी बाई. मला कारण ठाऊक होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्राध्यापकांनी आधी सिनेमा निकालात काढला. रक्त थांबलं की स्नायू मरतात, मेलेला स्नायू पाय उचलत नाही, त्यामुळे तसलं मढं चालणं शक्य नाही. मग म्हणाले, समुद्रापलीकडे एका बेटावर मात्र लोक सांगतात की माणसाला विष घालून मेल्यासारखं करतात, पुरतात, उकरून काढतात आणि शेतावर राबवतात. शास्त्रज्ञांचा त्यावर अजून वाद आहे. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. राबायला चालतो पण माणसांत धरत नाहीत, असा माणूस बघायला बेटावर कशाला जायचं?

"सुपडूभाऊंना जे झालं ते मात्र पक्कं ठाऊक आहे," प्राध्यापक म्हणाले. "मण्यारीचं विष स्नायूंची वाट अडवतं. मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचतच नाही." मला ते लगेच उमगलं. मोटार चालू, पट्टा उतरलेला. "हा माणूस एक क्षणभरही मेलेला नव्हता. कुणाला शंका?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. भागाबाई पदराखाली हात घेऊन बसली होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात वच्छलाकाकू उठली. "सर, तुम्हनं बठ्ठं खरं. पन मेंदू चालू व्हता, तर मंग त्या दिनले हाऊ ऐकी राह्यंता का?"

"हो तर," प्राध्यापक हसून म्हणाले. "कान शाबूत असतात. सगळं ऐकू येतं."

टाळ्या थांबल्या. एकेक माणूस त्या दिवशी माझ्या मढ्यापाशी काय बोललो ते आठवायला लागला, हे मला ओट्यावरून स्वच्छ दिसत होतं. माझा धाकटा भाऊ रुपचंद खाली बघत होता. मेलेल्याची भीती एक वेळ परवडते. सगळं ऐकून गप्प बसलेल्याची भीती फार वाईट.

मी खरोखर सगळं ऐकलं होतं. भागाबाईने माझा हात धरला होता आणि ती ओरडली होती, "यास्ना हात गरम शे, उचलू नका." रुपचंद म्हणाला होता, "वहिनी, जीव गया त्याना. गाडी रांगमा शे, आज नंबर शे आपला. लवकर उचला." आमची कापसाची गाडी शिरपूरच्या सरकारी खरेदीच्या रांगेत उभी होती. नंबर चुकला तर परत शेवटी जाऊन उभं राहायचं, वरून आभाळ भरलेलं, कापूस भिजला की वर्ष गेलं. रुपचंदला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. बायका तिला समजावत राहिल्या, वेडी झाली म्हणाल्या. ती "गरम शे, गरम शे" म्हणत राहिली. मग तिचा आवाज खाली आला. मग ती म्हणाली, "लई जा." घेऊन जा म्हणाली, आणि तिने माझा हात सोडला. काकूने तिला ओढलं नाही, तिने आपणच हात पुढे केले. बांगड्या फुटल्याचा आवाज मी ऐकला. आत मी बोंबलत होतो. बाहेर पापणी हलत नव्हती.

त्या "लई जा"साठी ती चार वर्षं स्वतःला शिक्षा करत होती.

चुडामण आबा काठी टेकून उठले. "सुपडू, आते तूच सांग. तू ऐकं व्हई तर तू जित्ता व्हता. नही ऐकं तर मरेल व्हता. गाव मानी लेई."

न्याय सरळ होता, पण कात्रीत मी सापडलो होतो. नाही ऐकलं म्हणावं, तर मी जन्मभर मढं, भागाबाई रांडाव आणि पुष्पाच्या हळदीला तिची आई मागच्या दारात. ऐकलं म्हणावं, तर रुपचंदने या गावात तोंड कुठे लपवायचं? आणि भागाबाईने? तेव्हासारखीच जीभ जड झाली, आणि या वेळी मण्यारही नव्हती.

"ऐकं आबा," मी म्हणालो. "पुष्पानी माय म्हने, यास्ना हात गरम शे, उचलू नका. येवढं ऐकं."

बायकांत कुजबुज झाली. ती तसं म्हणाली होती, हे सगळ्यांना आठवत होतं.

"आनि मंग?" आबांनी विचारलं.

"मंग काहीच नही. पुढे माले काही ऐकाले उनं नही. एकदम दवाखानामा जाग उनी."

प्राध्यापकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. असं मधेच बंद होत नसतं, हे त्यांना ठाऊक असणार. पण शहाणे होते, चष्मा पुसत राहिले. रुपचंदने लांब श्वास सोडला. सगळ्या पटांगणानेच सोडला. आबा म्हणाले, "जित्ता व्हता गड्या. बाईना हातले कळनं, आमले नही कळनं."

भागाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. जो पहिलं वाक्य ऐकतो तो शेवटचंही ऐकतोच, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? त्या दिवसानंतर तिने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रुपचंद रोज गिरणीत येऊन बसायला लागला, हसून बोलायला लागला, आणि मी हसायचो. पहिल्या वेळी नदीपर्यंत गेल्यावर तरी सुटलो होतो. ह्या वेळी गप्प राहण्यातून सुटका नाही.

हळदीच्या सकाळी कासार आला. अंगणात बायकांचा घोळका. पुष्पाच्या हातात हिरवा चुडा भरून झाला, मग चुलत्या, मग आत्या. वच्छलाकाकू लांब बसून म्हणाली, "आते भागाले भर." मी गिरणी बंद करून आलो होतो, अंगावर पीठ तसंच होतं. पुढल्या दाराने आत आलो, कुणी अडवलं नाही.

भागाबाई कासारापुढे बसली. तिने दोन्ही हात पुढे केले. कासाराने एक हात धरला, दाबला, पुन्हा दाबला. बांगडी अंगठ्यापाशी अडली.

"अक्का, हात कितला थंडा पडेल शे तुना," तो म्हणाला. "लाकूड व्हई गया. जरा ढिला सोड."

तिला ढिला सोडता येत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

मी जाऊन तिच्याजवळ बसलो. सगळ्या बायकांसमोर तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. दिवसभर गिरणीच्या पिठात राहून माझे हात कायम कोमट असतात. चार बायकांनी पदर तोंडाला लावले. कासार बांगडी धरून थांबला होता. मी तो हात धरून बसलो, तो ऊन होईपर्यंत.