जाईबाईची दुसरी माती

कुंडलच्या ओढ्यालगत एका रसायन कारखान्याचे टँकर काळा गाळ ओतून जायचे. कारखाना बंद पडला, गाळ जमिनीत मुरला. जमीन विषारी झालीय हे कुणाला कळायच्या आत जालिंदरनं बायकोला, जाईबाईला, तिथंच पुरलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, १९९६ साली, सांगलीहून अफताब नावाचा इंजिनिअर जमीन साफ करायला आला.

"काका, चिकणमाती दाबून झाकता येईल. शेणखत, साखर कारखान्याची मळी मिसळून जिवाणूंना विष खाऊ देता येईल. नाहीतर सगळं उपसून भट्टीत जाळायचं."

"झाका की," जालिंदर म्हणाला. "तिला कशाला हात लावताय?"

"पाणी खालून येतंय. ते विष घेऊन तुमच्या विहिरीत उतरणार."

"मग शेण घाला. जलमभर तिनं तेच काढलं."

अफताब हसला. जिवंत मातीत सुती कापड कुजतं, म्हणून त्यानं जागोजागी पट्ट्या पुरल्या. दिवाळीनंतर उकरल्या. वस्तीजवळच्या पट्टीची चिंधी झाली होती. जाईबाईच्या उशाकडची पांढरीशुभ्र निघाली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"इथं जिवाणू जगत नाहीत," अफताब हळू म्हणाला. "उपसावंच लागेल."

जालिंदर खड्ड्यात बघत होता. "मग ती बी तशीच आसंल?"

अफताबनं पट्टी पिशवीत घातली.

"भट्टीत न्हाई जायची ती. आदी तिला वरच्या रानात न्हेऊ."

"उद्या सकाळी माती काढू. वस्तीत सांगा."

जालिंदरच्या चुलतभावानं, नाथाजीनं, वस्तीत हाळी दिली, "उद्या सकाळी माती हाय."

इकडं माती म्हणजे मयत. सकाळी सगळी वस्ती टोप्या घालून, पदर घेऊन ओढ्यावर हजर.

"कुणाची माती?" अफताबनं गोंधळून विचारलं.

"जाईची," शेजारची मनुबाई म्हणाली. "आवं, मागल्या खेपेला मी म्हायेरी हुते. राहिलंच हुतं."

हातमोजे घालून माणसांनी उकरलं. वास कसलाच आला नाही. लुगड्याची खळ अजून कडक होती. चेहरा काल झोपल्यासारखा. बायका मागं सरकल्या.

"तीच हाय," जालिंदर म्हणाला. "म्हातारा मी एकटाच झालो."

वरच्या रानात तिला नव्या खड्ड्यात ठेवलं. पुन्हा बुद्धवंदना झाली. जालिंदरनं ओल्या मातीची मूठ टाकली. त्या मातीतून एक गांडूळ लुगड्यावर पडून वळवळलं. मनुबाई झटकायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या," जालिंदर म्हणाला.